शोभा झाली, ती कुणाची?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त वाशीम येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



तुरी सोंगायचे दिवस आहेत, घरोघरी कामं पडली आहेत, तरी तुम्ही एवढ्या जणी आलात. अंगणवाडीच्या ताई दिसताहेत, बचत गटाच्या बाया आहेत. मागे कॉलेजच्या मुली भिंतीला टेकून उभ्या आहेत, त्यांना कुणीतरी सतरंजी द्या. मी लवकर संपवीन असं म्हणणार नाही. मास्तरणीचं लवकर संपत नसतं.

मी या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मला बोलवायला आलेल्या मुली म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या विषयातलंच बोला, पण आम्हाला कळेल असं बोला." म्हणून आज एक जुनं भांडण घेऊन आले आहे. विलायतेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या शेवटच्या वीसेक वर्षांतलं. तुम्ही म्हणाल, त्याचं आपल्याला काय? तर ही राणी आपल्याला इतकी परकी नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जुन्या बायांच्या गळ्यातल्या हारात राणीछाप रुपये असत, ते हिचेच. वऱ्हाडाचा कारभार १८५३ सालापासून इंग्रजांच्या हाती होता, आणि तिच्या राज्यात आपलं वाशीम 'बाशिम' या नावानं जिल्ह्याचं ठिकाण होतं. तो मान १९०५ साली गेला आणि १९९८ साली परत मिळाला.

भांडण असं होतं. पुस्तकाचं, चित्राचं, नाटकाचं काम काय? लोकांना चांगलं वळण लावणं, की नुसतं सुंदर असणं? एक बाजू म्हणायची, ज्यानं नीती बिघडते ते कितीही सुंदर असो, चुलीत घाला. दुसरी बाजू म्हणायची, कलेला नीतीचे धडे विचारू नका, मोगऱ्याच्या फुलाला आपण विचारतो का, तू आम्हाला काय शिकवतोस म्हणून? हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. फळ्याच्या डावीकडे नीती लिहायची, उजवीकडे सौंदर्य. खाली दोन्ही बाजूंच्या लेखकांची नावं, सगळी पुरुषांची. फळ्याच्या मधोमध एक बाई उभी होती, ती मला फार उशिरा दिसली. ती कशी दिसली, तेच सांगायचं आहे.

आधी आपल्या एका शब्दाकडे बघू. शोभा. 'किती शोभून दिसतेस' हे कौतुक. 'तुला हे शोभत नाही' हा दम. आणि 'गावात शोभा झाली' म्हणजे अब्रू गेली. एकच शब्द, पण त्यात सौंदर्य आहे, नीती आहे आणि फजितीही आहे. पुरुषांच्या बाबतीतही तो वापरतात, नाही असं नाही. पण विचार करा, तुमच्या घरात आठवड्यातून किती वेळा तो मुलाला ऐकवला जातो आणि किती वेळा मुलीला. मोठ्यानं हसणं शोभत नाही, दारात उभं राहणं शोभत नाही, रंग सावळा असला तर तो पिवळा रंग शोभत नाही. कुठं रंगाचं बोलणं संपतं आणि कुठं चालचलणुकीचं सुरू होतं, कळत नाही. तिकडे इंग्रज पंडितांना सौंदर्य आणि नीती यांचं नातं काय, यावर पुस्तकं लिहावी लागली. आपल्या आजीनं ते एका शब्दात उरकलं होतं.

आणि वाशीमकरांनी तर या विषयावर बोलायलाच हवं. आपलं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखर नावाचा संस्कृत पंडित अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या 'काव्यमीमांसा' ग्रंथात एक गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून गेला. त्याला वळवायला पार्वतीनं एक मुलगी निर्माण केली, साहित्यविद्या तिचं नाव, आणि तिला सांगितलं, जा त्याच्या मागं. ती बिचारी पूर्वेला गेली, पांचाळात गेली, अवंतीला गेली, दक्षिणेत गेली. प्रत्येक ठिकाणी नवा वेष केला, नवा नाच केला, नवं गाणं केलं. तो थोडा थोडा वळत गेला. शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नगरात, म्हणजे इथं, त्यांचं लग्न लागलं. आपल्या गावाची ही केवढी कीर्ती, असं मी ऐकत आले, आणि खरंच आहे ती. पण गोष्ट नीट ऐका. रुसला कोण? तो. देशभर पायपीट कुणी केली, दर मुक्कामी कपडे कुणी बदलले? तिनं. त्याला ती कशी दिसली ते गोष्टीत आहे. तिला तो कसा दिसला हे कुणी विचारलेलं नाही. राजशेखराची बायको अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती, तिची मतं त्यानं ग्रंथात नावानिशी दिली आहेत. तिनं ही गोष्ट ऐकून काय म्हटलं असेल असं माझ्या मनात येतं. असो.

आता विलायतेला जाऊ. ऑस्कर वाइल्ड नावाचा लेखक होता, सौंदर्याच्या बाजूचा म्होरक्या. त्याची 'डोरियन ग्रे'ची कादंबरी १८९० साली आधी एका मासिकात आली. मासिकाचा तो अंक रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकविक्रेत्या कंपनीनं दुकानांतून काढून घेतला, इतकी ओरड झाली. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, तेव्हा त्यानं प्रस्तावना जोडली. पुस्तकाला नीतीच्या तराजूत घालूच नका, ते लिहिलंय कसं तेवढं बघा, असं तिचं सार. गोष्ट तुम्हाला आवडेल. डोरियन हा अतिशय देखणा तरुण. त्याचं एक चित्र काढलं जातं आणि तो मनोमन मागणं मागतो, मी असाच राहू दे, म्हातारं व्हायचं ते या चित्रानं व्हावं. तसंच होतं. तो वाट्टेल ते करतो, चेहरा कोवळाच राहतो. पाप सगळं चित्रावर उमटतं, आणि चित्र माडीवर कुलपात.

मी शिकवताना चित्राच्या चमत्कारावर फार वेळ घालवायचे. चित्रावर पहिली रेष कशानं उमटली, हे घाईत सांगून पुढं जायचे. सिबिल व्हेन नावाची सतरा वर्षांची गरीब नटी. डोरियन तिच्या अभिनयावर भुलतो, लग्नाचं वचन देतो. तीही खरंच प्रेमात पडते, आणि खरं प्रेम कळल्यावर तिला नाटकातलं खोटं प्रेम करता येईना. एका रात्री तिचा अभिनय पडतो. हा तिथंच तिला सांगतो, तुझी कला गेली, आता तू माझ्या काही कामाची नाहीस. पोरगी विष घेते. डोरियन घरी येतो, तर चित्रातल्या ओठांजवळ क्रूरपणाची रेष. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र येऊन समजूत घालतो, रडू नको, तिचं मरण म्हणजे जुन्या नाटकातला एखादा सुंदर प्रवेश असं समज. डोरियनचं समाधान होतं. संध्याकाळी तो गाणं ऐकायला जातो.

बाई मेली आणि तिचा सुंदर प्रवेश झाला. वाइल्डला यातला क्रूरपणा कळत होता, म्हणून तर त्यानं ती रेष तिथं काढली. त्याच्यावर मी तो आरोप करत नाही. पण कादंबरीभर लोक डोरियनबद्दल कुजबुजतात आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणतात, छे, असा निर्मळ चेहरा असणारा माणूस वाईट कसा असेल? पुरुषाचं देखणेपण हे त्याच्या चांगुलपणाचं सर्टिफिकेट झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वाइल्डचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. १८९५ साली पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून प्रकरण कोर्टात गेलं, समोरच्या वकिलानं हीच कादंबरी त्याच्याविरुद्ध काढली, आणि शेवटी त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. आपल्याकडचं कलम ३७७ त्याच राज्यानं दिलेलं. सज्ञान माणसांच्या खाजगी संमतीच्या संबंधांपुरतं ते आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली काढून टाकलं.

त्याच १८९१ साली टॉमस हार्डीची 'टेस' पुस्तकरूपानं निघाली. ही नीतीवाल्यांनी छळलेली. टेस शेतमजुराच्या तोलाच्या घरातली, अतिशय सुंदर पोरगी. श्रीमंत घरच्या तरुणाकडे कामाला जाते, तो तिला नासवतो. मूल होतं, ते मरतं. पुढं ती एका गोठ्यावर दूध काढायच्या कामाला लागते, तिथं एंजल नावाचा शिकलेला, नव्या विचारांचा तरुण भेटतो. लग्न होतं. लग्नाच्या रात्री तो सांगतो, मी पूर्वी लंडनमध्ये एका बाईबरोबर दोन दिवस राहिलो होतो, मला माफ कर. ती लगेच माफ करते. तिला हायसं वाटतं, अरे, मग माझंही सांगून टाकते. ती सांगते. तो तिला सोडून परदेशी निघून जातो.

इथं माझ्या वर्गात नेहमी एकदम शांतता व्हायची. मुली खाली बघायच्या. मुलं पण.

हीच कादंबरी आधी 'ग्राफिक' या साप्ताहिकातून क्रमशः आली होती. ते घरोघरी जाणारं साप्ताहिक. मुलींनी वाचलं तर? त्या काळचं नीतीचं माप हेच होतं, घरातल्या मुलीसमोर मोठ्यानं वाचता येईल का. म्हणून हार्डीला ती रात्र काढून तिथं खोट्या लग्नाचा प्रसंग घालावा लागला, बाळ गाळावं लागलं. आणि एक गंमत सांगते. रस्त्यावर पाणी साचलंय, चार गवळणी चर्चला निघाल्यात, एंजल एकेकीला उचलून पाण्यापलीकडे नेतो, असा एक साधा प्रसंग आहे. संपादकाला तेही चालेना. मग हार्डीनं साप्ताहिकापुरती एक हातगाडी आणली आणि एंजलनं पोरींना त्या गाडीत बसवून ढकलत नेलं. नीती वाचली! पुस्तक छापताना त्यानं सगळं पुन्हा जागेवर ठेवलं आणि नावाखाली घातलं की ही एका निर्मळ स्त्रीची कथा आहे. त्या 'निर्मळ' शब्दावरून टीकाकार किती चिडले! खून करून फाशी गेलेली, कुमारी माता, ती निर्मळ?

आता दोघं शेजारी ठेवा. डोरियन देखणा, म्हणून तो निर्दोष वाटतो. टेस देखणी, म्हणून दोष तिचा. तिच्या रूपानंच पुरुषाला भुरळ घातली, असं तिला नासवणारा तिलाच ऐकवतो. एक वेळ तर ती आपल्या भुवया कापून टाकते, तोंडाला फडकं बांधते, म्हणजे वाटेनं जाताना कुणी त्रास देणार नाही. मी हे सांगितलं की रिसोडच्या एस. टी.नं येणाऱ्या मुली एकमेकींकडे बघायच्या. त्यांच्या तोंडाला स्कार्फ असायचेच.

हार्डी मला फार आवडतो. पण त्याच्याबद्दल एक शंका माझ्या मनात वर्षानुवर्षं आहे. टेस सुंदर नसती तर? भांडखोर, चेचक्या तोंडाची, काळीसावळी असती तर तिच्यासाठी आपण रडलो असतो का? आपली सहानुभूती मिळवायला बाईनं आधी सुंदर असावं लागतं, नाही तर सोशिक तरी.

हीच शंका आपल्या हरिभाऊ आपट्यांबद्दलही येते. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० सालापासून येऊ लागली. म्हणजे तिकडे टेस आणि डोरियन, इकडे यमू, अगदी एकाच वेळी. त्याच १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं वय दहाचं बारा झालं, आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढं रण माजलं, टिळकांसारखा माणूस विरोधात उभा राहिला. अशा दिवसांत हरिभाऊंनी एका मुलीला 'मी' म्हणून बोलतं केलं. लहान यमू, लग्न झालेली यमू, विधवा यमू, आणि शेवटी फसवून, बळजबरीनं केलेलं तिचं केशवपन. माझ्या आईनं ही कादंबरी पदर डोळ्यांना लावत वाचली होती. हरिभाऊंचे उपकार मोठे आहेत. पण यमू किती गुणी आहे बघा! कुणाला उलटून बोलत नाही, सगळ्यांचं भलं चिंतते. तिचे केस गेले तेव्हा महाराष्ट्र रडला. यमू तोंडाळ असती तर?

आणि इथं मला माझ्या फळ्याच्या मधोमध उभी असलेली बाई दिसली. ती लंडनची नव्हती, पुण्याचीही नव्हती. ती आपल्या शेजारची, मेहकरवरून पुढं गेलं की बुलढाण्याची. ताराबाई शिंदे.

तुमच्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकलंय? हात वर करा. बरं. मीही इंग्रजीची प्राध्यापक होऊन बरीच वर्षं लोटल्यावर ऐकलं. आधी हार्डी वाचला आणि मग शेजारीण, ही माझी शोभा!

ताराबाईचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते. सत्यशोधक समाजाशी जोडलेला माणूस. मुलीला त्यांनी घरी शिकवलं. घरजावई करून तिचं लग्न लावलं. मूलबाळ झालं नाही. तिच्या आयुष्याबद्दल हाती लागतं ते एवढंसंच, पण तिनं एक पुस्तक लिहिलं आहे. 'स्त्री पुरुष तुलना'. १८८२ साल, पुण्याचा श्री शिवाजी छापखाना, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. टेसच्या आधी नऊ वर्षं. लग्नाच्या रात्री एंजलनं जो वेगवेगळा न्याय केला, स्वतःला एक आणि बायकोला दुसरा, त्या न्यायाचीच ती तुलना आहे.

निमित्त काय झालं? गुजरातेत सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. तिला दिवस राहिले. मूल जन्मल्यावर तिनं त्याला मारलं. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली, अपिलात फाशी टळून हद्दपारी झाली. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. पुण्याच्या एका पत्रानं त्या निमित्तानं एकूण बायकांच्याच चालीवर तोंडसुख घेतलं, बायका अशाच, नव्या रीतींनी बिघडलेल्या. ते बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईनं वाचलं आणि ती उसळली.

बघा, ही विजयालक्ष्मी टेससारखी सुंदर होती का? ठाऊक नाही. ताराबाईनं विचारलंही नाही. सोशिक होती का? तिनं तर मूल मारलं होतं. कादंबरीत घातली असती तर वाचकाला रडवणं कठीण. ताराबाई तिला देवी करत नाही, तिचं रूप वर्णन करत नाही, डोळे पुसायला लावत नाही. तिचा सवाल सरळ आहे. या बाईला इथवर आणणारा पुरुष कुठं आहे? पुनर्विवाहाची वाट कुणी बंद केली? दोष दोघांचा, तर शोभा एकटीचीच का?

तिची भाषा ऐकण्यासारखी आहे. वाड्यावरची नाही, विहिरीवरची आहे. म्हणी आहेत, टोमणे आहेत, सरळ शिव्या म्हणाव्यात असे शब्द आहेत. पुरुषांना ती समोर उभं करून बोलते. भर्तृहरीच्या नावावरचा एक श्लोक आहे, त्यात बाई म्हणजे संशयाचा भोवरा, कपटाची खाण, साहसांचं नगर अशी दोषांची जंत्री आहे. ताराबाई त्यातला एकेक आरोप उचलते आणि विचारते, हा आमच्यात जास्त की तुमच्यात? 'साहस' म्हणजे तेव्हा अविचारी, मर्यादा सोडून केलेलं कृत्य. तिच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच सवाल आहे की स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण. शंभर वर्षांत त्या शब्दाचा अर्थ फिरला, साहस म्हणजे धाडस झालं. आता तो सवाल वाचला की माझ्याकडे उत्तर तयार असतं, ताराबाई, साहसी तूच.

साहित्यावरही तिची नजर आहे, आणि आज माझा विषय तोच, म्हणून सांगते. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' या त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्या. पहिली हळब्यांची १८६१ ची, दुसरी रिसबुडांची १८६८ ची. राजकन्या, राजपुत्र, अद्भुत घडामोडी, पानंच्या पानं नायिकेच्या रूपाची वर्णनं. 'मनोरमा' नाटक, 'स्त्रीचरित्रा'च्या गोष्टी, ही सगळी नावं ताराबाईच्या लेखणीखाली येतात आणि झोडपून निघतात. पुराणातल्या देवादिकांनाही ती सोडत नाही. नवरा देव म्हणता ना, मग देवासारखं वागा तरी, आणि देव तरी कसे वागले ते बघू, असा तिचा रोख. ज्या पुस्तकांना पंडित सुंदर म्हणत होते त्यांना ती विचारते, यातली बाई खरी आहे का? ज्या पुस्तकांना ते नीतीची म्हणत होते त्यांना विचारते, ही नीती लिहिली कुणी? फळ्याच्या डाव्या बाजूला एक फटका, उजव्या बाजूला एक. विलायतेत पुढं दहा वर्षं जे भांडण चाललं त्यात हा प्रश्न विचारणारं माणूस मला माझ्या अभ्यासक्रमात भेटलं नाही. कारण अभ्यासक्रमातले सगळे बाईकडे बघणारे होते. ही जिच्याकडे बघतात त्यांच्यातली होती.

पुस्तक आल्यावर काय झालं? टीका झाली, आपल्या माणसांकडूनही झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. पण ताराबाईनं पुन्हा काही छापल्याचं दिसत नाही. एकच पुस्तक. ते विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. १९९४ साली रोझलिंड ओहॅन्लन यांनी इंग्रजीत नेलं. मधली नव्वद वर्षं आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली ही बाई कुणाला ठाऊक नव्हती.

एक पुस्तक लिहून बाई गप्प का होते, यावर संशोधक पुष्कळ बोलतील. मला त्याचं एक लहानसं उत्तर माहीत आहे. ते सांगायला मला जड जातं आहे, पण आज सावित्रीबाईंचा दिवस आहे, सांगायलाच हवं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या समितीवर मी होते. समितीत मी एकटीच बाई. एका मुलीनं लेख दिला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची, खेड्यावरून येणारी. विषय होता तिला बघायला पाहुणे आले त्याचा. आठ फुलस्केप पानं. पाहुण्यांनी तिला चालायला लावलं, वेणी सोडायला लावली, सुईत दोरा ओवायला लावला, उजेडात उभं करून रंग बघितला, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण या पोरीनं उलटं केलं होतं. बघायला आलेल्यांना तिनं बघितलं होतं. मुलाच्या दातांवरचे खर्ऱ्याचे डाग, मामाच्या मोज्याचं भोक, कोण कसा चहा भुरकला. बैलबाजाराशी तुलना होती, तीही अशी की बैलाचा मान जास्त ठरावा. आणि एक वाक्य त्या मामाच्या नजरेबद्दल होतं, ती नजर कुठं होती याबद्दल. बस, एक वाक्य.

समितीतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हे अश्लील आहे. आपल्या अंकाला शोभत नाही." दुसरे म्हणाले, मुलीचं पुढं लग्न व्हायचंय, तिचीच शोभा होईल. हे झाले नीतीवाले. त्यांच्यावर मी मनातून चिडले. मला वाटलं, यांच्यासारखं आपण बोलायचं नाही. मग मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अश्लील वगैरे काही नाही, पण कलाकृती म्हणून कच्चं आहे. नुसतं रागावून लिहिलंय. त्यात सौंदर्य नाही." माझं हे बोलणं सगळ्यांना पटलं. सुटल्यासारखं झालं त्यांना. लेख परत गेला. अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर डोक्यावर घागर घेतलेल्या एका मुलीचं रेखाचित्र होतं.

वर्गात मी सौंदर्यवाल्यांची आणि नीतीवाल्यांची भांडणं शिकवत होते, आणि त्या खोलीत दोघांनी मिळून पाच मिनिटांत एका पोरीचं तोंड बंद केलं होतं. त्यातली एक मी होते. त्या रात्री मला झोप आली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. चांगली झोप आली. आपण उदारमतवादी आहोत असं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी ती मला वाशीमच्या बस स्टँडवर भेटली. मीच ओळखलं नाही, तिनं हाक मारली. शेती करते, मुलगी बारावीला आहे. गाडीला उशीर होता, बोलत बसलो. मी विचारलं, काही लिहितेस की नाही? ती हसली. म्हणाली, "तुमीच त म्हटलं होतं मॅडम, कच्चं हाय म्हनून. मंग म्या काई लिहिलंच नाई." रागानं नाही म्हणाली. एखादी जुनी, ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाली. नीतीवाल्यांचं काही तिला आठवत नव्हतं. त्यांच्या बोलण्याची तिला सवय होती. माझं वाक्य तेवढं पंचवीस वर्षं राहिलं. तिनं विचारलं, मॅडम, पिकायला काय करायला पाहिजे होतं? मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात मालेगावची गाडी लागली.

नंतर तिनं घरच्या पेटीतून ती आठ पानं शोधून मला पाठवली. समासात लाल शाईनं माझंच अक्षर. 'शैली हवी.' 'भावना आवरा.' एका ठिकाणी त्या मामाच्या नजरेच्या वाक्यावर मी काट मारली होती. मी ते अश्लील नाही म्हणाले होते ना? तरी काट माझीच होती.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. म्हटलं, मी तुझा लेख तिथं वाचू का? ती म्हणाली, वाचा. नाव नका सांगू, गाव नका सांगू. बोलताना लेखात काय होतं ते सांगितलं तर चालेल, पण तिचे शब्द कुठं छापायचे नाहीत. अंकाच्या संपादक ताई इथं बसल्या आहेत, त्यांनी हे ऐकलं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, छापायचं असंल त दुसरं लिहून देईन. लिहिते आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मागच्या मुलींनो, पुढं या, आवाज तिथवर येणार नाही. माईक मला नको. आठ पानं आहेत, दहा-बारा मिनिटं लागतील. माझी लाल शाई सोडून वाचते. जिथं मी काट मारली होती तिथलं वाक्य अजून दिसतंय, तेही वाचते.